पाडलेली भिंत पुन्हा बांधू नका

उपदेशाचा आधार: इफिसकरांस पत्र, अध्याय २, वचन १४; गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचने ११ ते १८.



वर दिलेल्या दोन शास्त्रभागांपैकी पहिल्यात पौल प्रेषित इफिस येथील मंडळीस कळवितो की, यहूदी व परराष्ट्रीय ह्यांच्यामध्ये जी आडभिंत उभी होती ती प्रभू येशूने स्वतःच्या देहाचे मोल देऊन पाडिली आणि दोघांचे एक माणूस केले. दुसऱ्या भागात तोच प्रेषित म्हणतो की, जे मी एकदा मोडले तेच जर मी पुन्हा उभारीन, तर अपराधी मीच ठरेन. ही दोन्ही वचने आज जोडून वाचावी अशी माझी विनंती आहे. भिंत पाडावी असे बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु दुसऱ्याने घातलेली भिंत पाडून घेऊन, आपल्याहून दुबळ्या माणसापुढे तीच भिंत पुन्हा रचणारेही थोडे नाहीत. आपण त्यांपैकी आहो की काय, हे प्रत्येकाने आपल्या अंतःकरणास विचारावे.

पौल ज्या भिंतीविषयी लिहितो ती केवळ दृष्टांतातील भिंत नव्हे. यरुशलेमेच्या मंदिरात खरोखर एक दगडी कठडा होता. कठड्याबाहेरच्या अंगणात कोणत्याही राष्ट्राच्या माणसाने यावे. पण आत परक्याने पाऊल टाकिले तर त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी, अशी ताकीद ग्रीक भाषेत कोरून तेथे लाविली होती. तसला एक अखंड दगड सन १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला आणि तो इस्तंबूल शहरातील संग्रहालयात ठेविलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २१ व्या अध्यायात आपण वाचतो की, इफिसचा राहणारा त्रफिम हा पौलाबरोबर शहरात दिसला होता. एवढ्यावरून लोकांनी तर्क केला की, पौलाने त्याला कठड्याच्या आत नेले असावे. तेव्हा त्यांनी पौलाला मंदिरातून ओढून बाहेर काढिले व ते त्याला ठार मारू पाहत होते. ह्याच गोष्टीवरून त्याच्या हातापायांत बेड्या पडल्या. बेड्यांत असतानाच त्याने इफिसकरांस हे पत्र लिहिले. ज्या भिंतीपायी आपण कैदेत पडलो, ती भिंत ख्रिस्तात केव्हाच पडली आहे, असे तो ज्यांस लिहितो त्यांच्याच गावचा त्रफिम होता. ह्यावरून त्या वचनाचे वजन किती, हे ध्यानात येईल.

भिंत आपल्या देशाची

आता आपल्या मराठी मुलुखाकडे पाहू. आपल्याकडे कठड्यावर लेख कोरण्याची गरज कोणास वाटली नाही. गावाच्या रचनेतच तो लेख होता. गावठाण एकीकडे, महारवाडा व मांगवाडा शिवेकडे, आणि कातकऱ्यांची वाडी त्याही पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी. कोणी कोठे राहावे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर घागर बुडवावी, कोणी कोणत्या वाटेने जावे, हे मूल जन्मण्यापूर्वीच ठरलेले असे. घराची जागा ठरली म्हणजे पाण्याची जागा ठरली, आणि पाण्याची जागा ठरली म्हणजे शाळेतील जागाही ठरली.

सन १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. तो फी देण्यास तयार होता. तेव्हाच्या मुंबई सरकारने त्याची बाजू न्यायाची आहे हे मनात मानिले. तथापि एका मुलाकरिता इतर सर्व मुले शाळा सोडून जातील, मग शाळेचा उपयोग काय, असे म्हणून त्याला दार बंद केले. सरकारच्या एकट्याच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या असाव्यात, असे धोरण सन १८५८ मध्ये ठरले. परंतु कागदावर दार उघडले आणि प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मुले पडवीत राहिली. डॉक्टर भीमराव आंबेडकर लहानपणी साताऱ्याच्या शाळेत जात तेव्हा बसावयास घरून गोणपाट नेत व संध्याकाळी ते परत घरी आणीत. तहान लागली तरी शाळेच्या शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसला तर पाणीही नसे.

ह्या दुःखाची साक्ष आपल्या मराठी ख्रिस्ती पत्रांतही फार पूर्वी छापून आली होती. अहमदनगर येथे सन १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या सन १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील अंकांत मुक्ता नावाच्या एका मांग मुलीचा निबंध आला. ती पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी चालविलेल्या शाळेतील विद्यार्थिनी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले, आणि तीत घराची गोष्टही सांगितली. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, मग थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील हे तुम्ही आपल्या अनुभवावरून जाणा, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. बंधूंनो, विचार करा. ज्या मुलीस शाळेचे दार उघडले, तिने पहिल्या संधीस कोणाविषयी लिहिले? आपल्या गुणांविषयी नव्हे. ज्या माउल्यांस ना शाळा ना छप्पर, त्यांच्याविषयी लिहिले. शिकलेल्या माणसाची लेखणी कशासाठी असते, हे त्या लेकराने दाखवून दिले.

पुढची गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे. रायगड जिल्ह्यास पूर्वी कुलाबा म्हणत. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले केले. तरी तीन वर्षे कोणी तेथे पाणी भरू धजला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावात परिषदेच्या लोकांस मारहाण झाली, आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध व दही ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या पाण्यात गुरे उतरत होती ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले! प्रकरण न्यायालयात गेले, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निवाडा १७ मार्च १९३७ रोजी दिला. एक ओंजळ पाणी कायद्याने आपले ठरावयास दहा वर्षे लागली.

योहानाच्या शुभवर्तमानातील याकोबाची विहीर येथे आठवावी. शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातून पाणी मागणारा आपला प्रभू होता. त्याने तिला दूर उभे राहावयास सांगितले नाही. त्याला तहान लागली होती आणि तो तिच्याजवळ मागत होता. जो जिवंत पाणी देणारा, त्याने प्रथम तिच्या हातचे पाणी मागून भिंत पाडिली.

भिंत ख्रिस्ती घरातली

येथवर ऐकून पुष्कळांस वाटेल की, हे सारे दुसऱ्यांचे पाप आहे, आपण त्यातून सुटलो. म्हणून आता मी एक कडू गोष्ट सांगतो, आणि ती ऐकताना कोणी मान फिरवू नये.

सन १९१७ मध्ये डॉक्टर आंबेडकर अमेरिका व विलायत येथे शिकून परत आले व करारानुसार बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वानास बडोदे शहरात राहावयास खोली मिळेना. शेवटी ते एका पारशी मुसाफिरखान्यात नाव बदलून राहिले. कित्येक दिवसांनी ते उघडकीस आले, तेव्हा हातात काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले व त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावयास सांगितली. त्या शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही घरी आला तर माझे चाकर निघून जातील. मग ते ख्रिस्ती मित्राकडे वळले. त्याने उत्तर दिले की, माझी पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारावे लागेल. पुढे त्यांना कळून आले की, ते दांपत्य मूळच्या ब्राह्मण घराण्यातले होते. धर्मांतरानंतर नवऱ्याचे विचार उदार झाले होते, पण घरातला जुना सोवळेपणा गेला नव्हता. ह्या गोष्टी त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविल्या आहेत. ते पाच तास सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी एका ख्रिस्ती घराचे दार उघडले असते तर काय झाले असते, हे मी जाणत नाही व त्यावर तर्क करीत बसणे व्यर्थ आहे. पण दार उघडले नाही एवढे मात्र खरे. त्या घरात पवित्र शास्त्र असेल, भिंतीवर वचन लाविलेले असेल, जेवणापूर्वी प्रार्थना होत असेल. तरी दारात उभ्या असलेल्या बेघर माणसास ‘उद्या विचारून सांगतो’ असे उत्तर मिळाले. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळास लागले होते. उंबरठ्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

हा रोग नवा नाही. अंत्युखियाच्या मंडळीत परराष्ट्रीय विश्वासणारे व यहूदी विश्वासणारे एका पंगतीस बसत. पेत्रही बसत असे. पुढे यरुशलेमेहून काही मंडळी आली, तेव्हा लोक काय म्हणतील ह्या भयाने पेत्र पंगतीतून मागे सरला. त्याने एक शब्दही वाईट बोलला नाही. तो नुसता उठून दुसरीकडे बसला. त्याचे पाहून इतर उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर दोष दिला, आणि ती गोष्ट सांगताना मोडलेले पुन्हा उभारण्याविषयीचे ते वचन त्याने लिहिले. पेत्र मोठा प्रेषित होता, म्हणून पौल गप्प बसला नाही. ही केवळ जेवणाची बाब आहे, असेही त्याने मानिले नाही. पंगत वेगळी झाली म्हणजे सुवार्ताच मोडली, असे त्याचे म्हणणे होते.

हिंदुस्थानच्या मंडळ्यांतही हा कलह झाला आहे. दक्षिणेकडील काही मंडळ्यांत निरनिराळ्या जातींचे ख्रिस्ती लोक निरनिराळे बसत व प्रभुभोजनही वेगवेगळे घेत. सन १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनी पत्र पाठवून बजाविले की, मंडळीत जातिभेद राहता कामा नये, तो लगेच व कायमचा सोडिला पाहिजे. तेव्हा पुष्कळ लोक रागावून मंडळी सोडून गेले. ह्यावरून ही भिंत माणसांस किती प्रिय असते ते दिसते. ख्रिस्ताला सोडतील, पण आपली बसण्याची जागा सोडणार नाहीत.

हक्क मागणे ख्रिस्ती माणसास शोभते काय?

येथे एक शंका उपदेशक बंधू नेहमी विचारतात. ख्रिस्ती माणसाने सोसावे, एका गालावर मारिले तर दुसरा पुढे करावा. मग हक्कासाठी झगडणे त्याला कसे शोभेल? ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर शास्त्रातूनच दिले पाहिजे.

फिलिप्पै शहरात पौल व सीला ह्यांस चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले. सकाळ झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी निरोप पाठविला की, त्यांस सोडून द्या. पौल गुपचूप गेला नाही. आम्ही रोमी नागरिक असता आम्हांस उघडपणे मारिले, आता गुपचूप घालवू पाहता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे, असे त्याने सांगितले. आणि अधिकाऱ्यांस यावे लागले. पाठीवरचे वळ ह्याने पुसले जाणार नव्हते. पण त्या शहरात लुदिया होती, तुरुंगाचा अंमलदार व त्याचे घराणे होते. कालपरवाच जन्मलेली ती मंडळी होती. पौल निघून गेल्यावर तिच्यावर कोणी सहज हात टाकू नये, म्हणून त्याने आपला हक्क मागितला. येथे कसोटी सापडते. अपमान माझ्या एकट्याचा असेल तर मी तो सोशीन. पण माझ्या गप्प बसण्याने माझ्या शेजाऱ्याच्या लेकराचे दार बंद होणार असेल, तर ते गप्प बसणे नम्रता नव्हे, भय होय.

ज्या देशातून सन १८१३ मध्ये पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, त्या देशाची गोष्टही येथे ऐकण्याजोगी आहे. तेथे काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी सन १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तेथील सदाचारी लोकांस अर्पण केले. परंतु गुलामगिरी जाऊनही भिंत राहिली. काळ्यांची शाळा निराळी, वस्ती निराळी, मोटारगाडीत बसण्याची जागा निराळी. आणि लाजेची गोष्ट ही की पुष्कळ ठिकाणी देऊळही निराळे. शाळांतील हा भेद राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्यास नकार दिला. मग त्या शहरातील काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. म्हाताऱ्या बायका पायी कामावर गेल्या, पण कोणावर दगड उचलला नाही. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे एका मंडळीचे पाळक होते.

सन १९५९ मध्ये किंगसाहेब हिंदुस्थानात आले. केरळातील एका शाळेत पूर्वी अस्पृश्य मानिलेल्या लोकांची मुले शिकत होती. तेथील मुख्याध्यापकाने त्यांची ओळख, हे अमेरिकेतील आपलेच एक अस्पृश्य बंधू, अशी करून दिली. पहिल्याने त्यांना धक्का बसला. नंतर त्यांनी विचार केला व ते खरेच आहे असे मान्य केले, हे त्यांनी पुढे आपल्या एका उपदेशात सांगितले. सन १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढून धीर धरण्याचा सल्ला दिला, तेव्हा किंगसाहेबांनी तुरुंगातून त्यांस उत्तर लिहिले. ज्याच्या पायात काटा नाही त्याने दुसऱ्यास सावकाश चाल म्हणणे सोपे असते.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सार्वजनिक ठिकाणांचा व नोकऱ्यांचा कायदा तेथे सन १९६४ मध्ये झाला. पण घरे विकताना व भाड्याने देताना वर्णभेद करू नये, हा कायदा ११ एप्रिल १९६८ रोजी झाला. किंगसाहेबांचा खून होऊन तेव्हा सात दिवस झाले होते. बसमधील जागा सुटली, शाळेचे दार सुटले, आणि घराशेजारची जागा सर्वांत शेवटी सुटली. माणूस शाळेत शेजारी बसू देईल, दुकानात शेजारी उभा राहू देईल. शेजारच्या घरात राहू देणे त्याला सर्वांत जड जाते. म्हणूनच शास्त्र आपणांस शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगते. दूरच्या माणसावर प्रीती करणे कोणासही साधते.

आपल्या देशात २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. सन १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला, आणि सन १९७६ पासून त्यास ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे नाव आहे. विहीर, शाळा, दुकान, दवाखाना ह्यांबरोबरच कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे, हाही ह्या कायद्याने गुन्हा आहे. हे उपदेशकांनी आपल्या लोकांस नीट समजावून सांगावे. आपल्यावर एक अन्याय राहिला आहे, तोही लपवू नये. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची गणना प्रथम हिंदूंपुरती केली. सन १९५६ मध्ये शीख व सन १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेल्यांस ती जागा मिळाली नाही. त्याविषयी सभ्यपणे व सनदशीर मार्गाने दाद मागणे हे पाप नव्हे. पौलानेही कैसराजवळ दाद मागितली होती.

आपल्या दारची भिंत

आता शेवटी जेथे आपण राहतो तेथे येऊ. पनवेल-उरणच्या बाजूस चिरनेर हे गाव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. गवत, लाकूडफाटा व चराई ह्यांवर जंगल खात्याने घातलेली बंधने मोडावयास आसपासच्या गावचे लोक जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला व आठ जण हुतात्मे झाले. त्यांची नावे वाचावी: पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहे, न्हावी आहे, आणि चिरनेरचा नाग्या महादू कातकरी आहे. गोळीने कोणाची जात विचारली नाही. आज दर वर्षी त्या दिवशी आठही नावे एकाच श्वासात घेतली जातात, आणि ते योग्यच आहे.

परंतु स्मृतिदिनी जे नाव आपण मानाने घेतो, त्या नावाचा माणूस दुसऱ्या दिवशी दारी आला तर त्याला कोठे बसवितो? रायगडच्या डोंगराखाली कातकऱ्यांच्या वाड्या आजही गावाबाहेर आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन आदिवासी जमाती सरकारने विशेष दुर्बल मानिल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड ह्यांबरोबर कातकरी आहेत. पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. झोपडी आपली, पण खालची माती आपली नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून उरण तालुक्यातील चिर्ल्यापर्यंत समुद्रावरचा मोठा पूल उघडला. सुमारे २२ किलोमीटरांचा तो मार्ग होय. बंदर आले, रस्ते आले, जमिनीस सोन्याचे मोल आले. ज्याच्या नावावर माती नाही, त्याला ह्या मोलाचे भयच अधिक. समुद्र ओलांडणारा पूल बांधिला गेला; गाव व वाडी ह्यांमधील ओढ्यावर मात्र पुष्कळ ठिकाणी अजून साकव नाही.

मुलांची गोष्ट तशीच. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात व पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. मूल आईबापांबरोबर जाते, पटावरचे नाव राहते आणि शिक्षण बुडते. पुढे ते वयाने मोठे व अक्षराने लहान असे वर्गात बसते, इतर मुले हसतात, आणि ते शाळेकडे पाठ फिरविते. धारवाडच्या मुलास दार बंद करून बाहेर ठेविले. ह्या मुलास दार उघडे ठेवून बाहेर ठेविले आहे.

मंडळीतील बंधूंनो, तुम्हांपैकी पुष्कळांचे आजेपणजे महारवाड्यातून व मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत, त्यांची मुले शाळेच्या पडवीत बसत, हे तुम्ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकिले आहे. मग कातकऱ्याचे मूल आपल्या मुलाशेजारी बसले तर आपल्या घरातील कोणी नाक मुरडते काय? भट्टीवरून आलेल्या बाईस पाणी देताना पेला वेगळा काढिला जातो काय? भाड्याने खोली द्यावयाची झाली तर आडनाव प्रथम विचारिले जाते काय? सोयरीक जुळविताना, बाप्तिस्म्याच्या पूर्वीची जात कोणती होती, असे हळू आवाजात विचारिले जाते काय? असे असेल तर जी भिंत आपल्या वडिलांसाठी प्रभूने पाडिली, तिचेच दगड आपण गोळा करीत आहो. खालच्याला दाबून ठेवणारा माणूस वरच्याच्या पायाखालून कधीच सुटत नाही. तो फक्त भिंतीचा मधला थर होतो.

ह्यास्तव पुढील कामे प्रत्येक मंडळीने हाती घ्यावी, असे मी प्रभूच्या नावाने विनवितो.

पहिले, जून महिन्यात शाळा उघडताना उपदेशकाने वाडीवर जावे व तेथील मुलांस आपल्या मुलांबरोबर शाळेत न्यावे. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारिता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेले म्हणूनही नाकारिता येत नाही. मूल मोठे झाले असेल तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष शिकवणी द्यावी, असेही तो कायदा सांगतो. भट्टीवर गेलेल्या मुलास तेथील शाळेत बसण्याचा हक्क आहे. हे कोणी सांगितल्याशिवाय त्या आईबापांस कळणार नाही.

दुसरे, ग्रामसभेत बसावे. जंगलजमीन कसणाऱ्या किंवा तिच्यावर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविल्यास सन २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करिता येतो, आणि तो दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. नाग्या कातकऱ्याने ज्या जंगलासाठी प्राण दिला, त्याच्या भाऊबंदांस अर्ज लिहून देणे हे लिहितावाचिता येणाऱ्या ख्रिस्ती माणसास फार मोठे काम नाही. हे करिताना बाप्तिस्म्याची अट मनातसुद्धा ठेवू नये. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूस पट्टी बांधण्यापूर्वी त्याचा धर्म विचारिला नाही.

तिसरे, आपली उपासना तपासावी. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा व मळक्या वस्त्राच्या माणसास पायांजवळची जागा देणाऱ्या मंडळीस प्रेषित दोष देतो. भट्टीच्या धुळीने माखलेला माणूस आला तर वडील मंडळींनी उठून त्याला आपल्या शेजारी बसवावे. प्रभुभोजनाचा प्याला जसा एक, तसाच घरचा पाण्याचा पेलाही एक असावा.

चौथे, अन्याय झाला तर कायद्याने दाद मागावी, पण द्वेष धरू नये. माँटगोमेरीच्या स्त्रिया ३८१ दिवस चालल्या त्या कोणास पाडावयास नव्हे, तर एके जागी बसावयास. आपणही भिंत पाडावयाची आहे; पलीकडच्या माणसास नव्हे.

काम मोठे आहे व आपण थोडे आहो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु भिंत पाडण्याचे मुख्य काम आपल्या माथी नाही. ते वधस्तंभावर झाले. आपणांस एवढेच सांगितले आहे की, पडलेले दगड पुन्हा उचलून रचू नका, आणि जो कोणी भिंतीच्या पलीकडे अजून उभा आहे त्याला जाऊन सांगा की वाट मोकळी आहे. मग त्याचा हात धरून त्याला आत आणा, आणि तो आत आल्यावर आपली जागा सोडून उठू नका.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू एकाच रक्तापासून सर्व राष्ट्रे निर्माण केलीस आणि तुझ्या पुत्राने आमच्यामधील भिंत पाडिली. आमच्या अंतःकरणात, घरात व मंडळीत तिचा जो दगड उरला असेल तो आम्हांस दाखीव आणि काढून टाक. ज्यांस छप्पर नाही त्यांस छप्पर, ज्यांस शाळा नाही त्यांस शाळा मिळावी म्हणून आमचे हात कामास लाव. आमच्या लेकरांस व वाडीवरील लेकरांस एका पंगतीस बसीव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.